पोटावरचं निशाण

मंगळवारी मला मुलगी झाली आणि ती रडली नाही. आमच्या पलटणीतली सुईण केझाया मावशी. तिनं पोरीला उलटी धरली, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात बोट घालून बघितलं आणि मग माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "दे इकडे." घेतली. छान होती. नाक जागोचं होतं. लोक अजून विचारतात, तमसिन, तेव्हा काय वाटलं गं तुला? काय सांगू? गारठ्यात बोटं दुसऱ्याचीच वाटतात ना, तसं सगळं अंग दुसऱ्याचं झालं होतं.

जागो माझा नवरा, इंग्रज राजाच्या या पलटणीत सार्जंट. अकरा वर्षं तो निशाणाच्या उजव्या हाताला भाला घेऊन उभा राहिलेला. तो आत आला, दारात थांबला आणि टोपी काढून उभा राहिला. पोरीजवळ मात्र आला नाही.

अमेरिकेतल्या त्या किल्ल्यात आम्ही सहा आठवडे अडकून पडलो होतो. बाहेर बंडखोरांचा वेढा. पीठ संपलं, घोडे संपले, जळण संपलं. मेणबत्त्यांच्या एका रिकाम्या खोक्यात मी पोरीला निजवलं आणि पाद्रीबाबांना बोलावलं. पाद्री ऑडली आले, नाकाला रुमाल लावून. म्हणाले, "बाप्तिस्मा झालेला नाही, बाई. अशा जीवावर प्रार्थना वाचता येत नाही. तसा नियमच आहे. शिपाई खड्डा खणून देतील."

"घोड्यांची हाडं पुरलीत तिथंच ना?"

त्यांनी रुमाल नाकावर आणखी दाबला.

मी खोकं खाटेखाली सरकवलं. म्हटलं, प्रार्थना वाचल्याशिवाय माझी मॉर्वेना इथून हलणार नाही. मला तेवढंच हवं होतं. माणसाच्या पोरीला मातीत ठेवताना चार शब्द, आणि त्यात तिचं नाव.

गुरुवारी किल्ला द्यायचं ठरलं. शिपायांना कैदी म्हणून चालवत नेणार, बंदुका द्यायच्या आणि निशाणंही द्यायची. दोन निशाणांपैकी राजाचं तोफेच्या आगीत जळालं होतं. उरलं होतं पलटणीचं, हिरव्या रेशमाचं, माणसाहून उंच. ते शत्रूच्या हाती गेलं तर पलटण तोंड दाखवायला जागा नाही म्हणून डोकं आपटून घेणार! माणसं गेली तर नवी भरती करता येते, पण निशाण गेलं की गेलं.

संध्याकाळी कर्नल हॅव्हरगल स्वतः माझ्या खोलीत आले, मागे जागो. साहेबांनी हवापाण्याच्या गोष्टी केल्या, माझी तब्येत विचारली, पुन्हा हवेवर आले.

मी म्हटलं, "ताकाला येऊन भांडं काय लपवता, साहेब? बोला."

साहेब खाकरले. "तुमचे दिवस भरलेत, हे इथून पळून बंडखोरांना मिळालेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण तुमची... सुटका झाली, हे अजून बाहेर कोणाला कळलेलं नाही. गरोदर बाईची झडती कोणी घेणार नाही."

मला समजायला वेळ लागला. जागोला मात्र आधीच समजलेलं दिसत होतं, तो जमिनीकडे बघत होता.

"तमसिन," तो म्हणाला, "केवढा मान आहे हा!"

"जळला मेला तुमचा मान," मी म्हटलं. आवाज चढवला नाही, तेवढंही त्राण नव्हतं. "साहेब, नेते मी तुमचं फडकं. पाद्रीबाबांना सांगा, माझ्या मुलीवर प्रार्थना वाचा. नावानिशी."

"वाचतील," साहेब लगेच म्हणाले. "जखमींबरोबर ते मागेच राहणार आहेत. तुम्ही निघालात की शांतपणे, नीट सगळं करतील. माझा शब्द."

मला ते माझ्यासमोर हवं होतं. पण सकाळी बंडखोर तासभर आधीच फाटकात आले. केझाया मावशीनं घाईघाईनं ते रेशीम माझ्या अंगाला गुंडाळलं, छातीपासून मांडीपर्यंत, आणि वरून झगा ओढला. खोकं खाटेखालीच राहिलं.

बाहेर त्यांच्या कप्तानानं विचारलं, "निशाणं कुठं आहेत?"

कर्नल साहेबांनी छातीवर हात ठेवला. "दोन्ही जळाली. माझा शब्द." चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. आदल्या संध्याकाळचाच चेहरा! तेव्हाच ओळखायला हवं होतं मी. पण कैद्यांची रांग चालू लागली आणि मीही चालू लागले.

एकोणीस दिवस चाललो. दुसऱ्याच दिवशी मला दूध आलं. त्या बिचाऱ्याला कुठं ठाऊक, पिणारं कोणी नाही ते! रेशीम भिजायचं, वाळून कडक व्हायचं, पुन्हा भिजायचं. बायका वाटेत उभ्या असायच्या, शत्रूच्याच, पण मला बघून गाडीत जागा द्यायला लावायच्या. एकीनं ऊन ऊन पावाचा तुकडा दिला आणि पोटावर हात ठेवला. "मुलगा आहे गं. खाली उतरलाय, आता फार दिवस नाहीत."

"बघू," मी म्हटलं आणि पाव खाल्ला. चांगला होता.

न्यूयॉर्क आमच्याच फौजेच्या ताब्यात होतं, तिथं कैद्यांची अदलाबदल होऊन आमची सुटका झाली. अधिकाऱ्यांच्या जेवणघरात पडद्याआड केझाया मावशीनं माझ्या अंगावरचं रेशीम सोडवलं. निशाण बाहेर गेलं तसे सगळे उठून उभे राहिले, कोणी रडलं, कोणी राजाच्या नावानं पेला उंचावला. मग पेले अर्ध्यावरच थांबले.

"हे काय आहे?" कर्नल साहेबांचा आवाज. हिरव्या रेशमावर ताटाएवढे दोन पिवळट डाग होते.

मी पडद्याआडून बाहेर आले. "दूध."

एक तरुण अधिकारी टेबलाकडे बघू लागला. निशाणावरचं रक्त धुवायचं नाही, गोळीचं भोक शिवायचं नाही, हा पलटणीचा जुना रिवाज. त्यावरच तर सगळी ऐट. साहेब म्हणाले, "उद्या कवायतीआधी धुऊन आणा, बाई. नीट."

पाद्रीबाबा जहाजानं आमच्या आधीच पोचले होते. ते कोपऱ्यात मटण खात बसले होते. मी सरळ त्यांच्यापुढं गेले. "वाचलीत?"

त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मग ताटाकडे. "नियम आहे, बाई. मी साहेबांना तेव्हाच सांगितलं होतं. ते म्हणाले, तूर्त हो म्हणू या."

"मग ती कुठं आहे?"

"शिपायांनी... त्या घोड्यांच्या..."

गरज सरो, वैद्य मरो! मला वाटलं होतं मी किंचाळेन. नाही किंचाळले. निशाण उचललं आणि बाहेर आले. पंपापाशी जागो उभा होता, त्यानं दारातून सगळं ऐकलं होतं. मी बादली भरली. तो म्हणाला, "धुऊ नकोस."

"साहेबांचा हुकूम आहे."

"ऐकला मी हुकूम." त्यानं बादली लाथेनं कलंडली. अकरा वर्षांत त्याला हुकूम मोडताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग धुतल्यासारखं दिसावं म्हणून आम्ही नुसती कड ओली केली, घडी घातली.

सकाळी पलटण मैदानात उभी राहिली. रिवाजाप्रमाणे ढोल एकावर एक रचले, त्यांवर निशाण पसरायचं, आणि सुखरूप परत आलं म्हणून पाद्रीबाबांनी त्याला नव्यानं आशीर्वाद द्यायचा. कापडाला चालतो आशीर्वाद, त्याला बाप्तिस्मा लागत नाही. पसरायचं काम जागोचं. त्यानं डाग वर येतील असं पसरलं. साहेबांचा चेहरा लाल झाला, पण तीनशे माणसांनी टोप्या काढल्या होत्या, आता बोलणार काय?

पाद्रीबाबांनी पुस्तक उघडलं आणि निशाणावर हात ठेवला, नेमका त्या डागांवर. लांबलचक वाचलं. देवा, हे जे तुझ्यापुढं ठेवलंय त्याचा स्वीकार कर, त्याला तुझ्या पंखाखाली घे. सगळं वाचलं, एक शब्द गाळला नाही. शेवटी तीनशे माणसं "आमेन" म्हणाली. मी बायकांच्या रांगेतून म्हटलं, "मॉर्वेना." शेजारच्या केझाया मावशीनंही म्हटलं.

मला रडू आलं नाही. जागो मात्र भाला धरून ताठ उभा, नाक पुसायची सोय नाही, आणि सगळ्या पलटणीसमोर ढसाढसा रडत होता.

कर्नल साहेब नंतर पाहुण्यांना सांगत होते, "बघितलंत? आमच्या सार्जंटचा निशाणावर किती जीव आहे!"

मी म्हटलं, "हो साहेब. फार जीव होता."