तिळाएवढी सावली

लेकीने बारीक उजेडाची कांडी बाबांच्या डाव्या दाढेवर टेकवली आणि मान वळवून संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. आरपार गेलेल्या उजेडात दाढ दुधी काचेसारखी दिसत होती. शेजारच्या दाढेला ती चिकटते तिथे तिळाएवढी काळी सावली होती.

"सापडली!" ती म्हणाली. आवाजातला आनंद ऐकून तिची तिलाच लाज वाटली.

गेल्या महिन्यात बाबांच्या पोटाचे फोटो पाहून मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला होता. फार उशीर झाला, एवढंच ते म्हणाले. घरात डॉक्टर असून बापाचं दुखणं कळलं नाही, हे तेव्हापासून तिचं मन खात होतं. ती दातांची डॉक्टर, पोटाची नव्हे, पण मनाला कोण समजावणार? आज दवाखाना बंद असूनही तिने हट्टाने त्यांना खुर्चीत बसवलं होतं.

"कीड का गं?" बाबांनी विचारलं. जन्मभर शिवणकाम केलेल्या माणसाचे पुढचे दात दोरा तोडून तोडून खाचले होते.

"कीड म्हणायलाही लवकर आहे. एक्सरेत दिसली नसती. आत्ता लेप लावला तर आहे तिथेच थांबेल. सारख्या पेपरमिंटच्या गोळ्या चघळता ना?"

"औषधानं तोंड कडूजहर होतं. पकडलीस बघ चोरी." ते हसले. "आणि नाही लावला, तर दुखायला कधी लागेल?"

हे तिला रोज कुणीतरी विचारायचं. उत्तर तोंडपाठ होतं, आणि ते ऐकून भलेभले मुकाट्याने आ करायचे.

"दोनेक वर्षांत," ती बोलून गेली. शब्द परत घेता आले असते तर तिने घेतले असते.

"दोन वर्षं," बाबा म्हणाले. भारी कापड चिमटीत धरून पाहावं तसं, सावकाश.

लेपाचा ब्रश तिच्या हातात तसाच राहिला. तो आता लावायचा की धुऊन ठेवायचा, तिला कळेना. बोटं थरथरायला लागली तशी तिने ती एप्रनमागे लपवली. बाबांनी पाहायचं ते पाहिलंच.

"लाव," ते मान मागे टेकवत म्हणाले. "तेवढं एक तरी वेळेत सापडलंय तुला."

आणि तिचा हात स्थिर होईपर्यंत ते आ करून राहिले.