धुवायच्या आधी

आमच्या लाँड्रीत डागाबद्दल विचारायची पद्धत नाही. हा आईचा नियम. काय सांडलं, कुणी सांडलं, याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही; डाग ओळखायचा आणि काढायचा. आईला जाऊन दोन महिने होत आले, पण नियम सगळ्यांच्या अंगात मुरलेले आहेत. कधी कधी दुपारपर्यंत मला ती गेल्याचं जाणवतही नाही.

त्या सकाळी ठिणगी आली ती सरळ धुण्याच्या खोलीत गेली. ठिणगी आमच्याकडे इस्त्री करते; जिभेला धार म्हणून हे नाव आईनंच ठेवलेलं. एरवी ती दारातूनच कुणाची तरी खेचत येते. आज कपड्यांची पिशवी छातीशी धरून आत शिरली.

मी मागोमाग गेले. तिचा कालचा शर्ट टबात बुडलेला होता. मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, ठिणगीची पँट आणि आतले कपडे मशीनमध्ये टाकत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. तू काउंटरवर जा," मावशी म्हणाली.

ठिणगी टबाकडे बघत म्हणाली, "काल संध्याकाळी हॉटेलात चादरी द्यायला गेले होते ना. तिथल्या मॅनेजरनं कोठीचं दार लावून घेतलं." मग टबाची कड धरून, "मी नको म्हणाले, ताई. पहिल्यांदा जोरात म्हणाले. मग आवाजच फुटेना. हातपाय हलेनात. माझे, ताई! मी नुसती पडून राहिले."

"अंग गोठतं अशा वेळी. पुष्कळजणींचं होतं. त्याचा अर्थ हो असा होत नाही," मी म्हणाले.

"तरी मी सांगत होते," मावशीला रडू आवरत नव्हतं, "आत जाऊ नको, गठ्ठा दारातच ठेव—"

"आत ठेवायला कुणी सांगितलं?"

"त्यानंच," ठिणगी म्हणाली.

"मग मावशी, जे बोलायचं ते त्याला बोल."

मावशीनं डोळे पुसले आणि सवयीनं मशीनच्या बटणाकडे हात नेला. तिला हेच येतं. आम्हा तिघींनाही हेच येतं: आलं की धुवायचं.

"थांब! चालू करू नको."

मी मशीनचं दार उघडलं. कपडे कोरडेच होते. सूट गुंडाळायचा तपकिरी कागद आणला. ठिणगीनं स्वतःच एकेक कपडा वेगळ्या कागदात बांधला. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा खराब होतो, एवढं मी वाचलेलं होतं.

"शर्ट तर भिजला," ती म्हणाली. "अंघोळही केली मी. संपलं की मग सगळं."

"संपलेलं नाही. भिजलेला शर्टही नेऊ. आणि पुरावा राहू दे बाजूला, आधी तू. दिवस राहू नयेत, रोग लागू नये म्हणून औषधं असतात. तीन दिवसांच्या आत घ्यावी लागतात. जितकं लवकर तितकं बरं."

"पोलिसांत जावं लागेल?"

मला माहीत नव्हतं. म्हणून महिलांच्या मदतीच्या फोनवर विचारलं, तिला ऐकू येईल असं. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, उपचारांसाठी आधी तक्रार करावी लागत नाही. पोलिसांचं काय, ते डॉक्टरांना तपासणीआधीच विचारा. तुमच्या होकाराशिवाय कुणी तुम्हाला हात लावणार नाही.

ठिणगीनं मान हलवली. "जाऊ. पण मावशी नको. ती रडून रडून डॉक्टरीणबाईंनाच सलाईन लावायला लावेल."

"गप गं, भवाने," मावशी म्हणाली आणि तिला जवळ घ्यायला पुढे झाली, मग थांबली. "घेऊ जवळ?"

ठिणगीनंच तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"त्या हॉटेलचं काम आजपासून बंद," मावशी तिच्या केसांत पुटपुटली.

"आज काही कळवू नका. कारण विचारतील. कुणाला काय सांगायचं ते मी ठरवणार."

"बरं. पण तिकडे कुणीही पाऊल टाकायचं नाही," मी म्हणाले. "आपल्यातलं कुणीच."

कागदात बांधलेले कपडे घेऊन आम्ही दोघी जवळच्या दवाखान्यात गेलो. याच दवाखान्यातून आईला शेवटचं नेलं होतं. मी जिन्याकडे न बघता चालत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी पोलिसांचं काय, औषधं कोणती, सगळं आधी समजावून सांगितलं. मग म्हणाल्या, "तपासणी अर्धीच केली तरी चालेल. थांबा म्हणालात की मी थांबणार." ठिणगीनं मला पडद्याच्या आत, उशाशी उभं राहायला सांगितलं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "थांबा."

डॉक्टरीणबाईंनी तत्काळ हात मागे घेतले आणि स्टुलावर बसून राहिल्या. कुणी समजूत घातली नाही, कुणी घड्याळ पाहिलं नाही. बाहेर एक ढकलगाडी खडखडत गेली.

"ताई," ठिणगी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "थांबल्या त्या."

"हो."

तिनं छताकडे बघत दोन-तीन लांब श्वास घेतले. मग नेहमीच्या, इस्त्रीच्या टेबलावरून पार काउंटरपर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाली, "आता करा. आणि पुढे काय करणार ते आधी सांगत जा."