भावजींच्या पोटातले खडे

‘ठण्ण!’

स्टीलच्या वाडग्यात खडा पडला आणि सभागृहातल्या सगळ्यांनी एकदम रोखलेला श्वास सोडला. पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसायला लागल्या. मधल्या रांगेतले लोक खुर्च्यांवर चढले. मागचे लोक “अहो, खाली बसा!” म्हणून त्यांच्यावर ओरडले आणि मग स्वतःही चढले.

टेबलावर आडवे होते माझे भावजी, म्हणजे आमच्या ताईचे यजमान. शर्ट वर सरकवलेला, पोटावर ओला गरम टॉवेल आणि टॉवेलाखाली खडेबाबांचे दोन्ही हात. चाकू नाही, रक्त नाही, टाका नाही. बाबांचे डोळे मिटलेले, तोंड छताकडे. खडा हाताला लागला की तो न बघताच वाडग्यात टाकायचा, ही त्यांची पद्धत. बघायचं आणि ओरडायचं काम चेल्याकडे. चेला लांब मानेचा आणि त्याहून लांब आवाजाचा.

“दारूचा खडा! बघून घ्या मंडळी, दारूचा खडा! ग्लासातून आत गेला, बाबांच्या बोटांतून बाहेर आला!”

वाडगा माझ्यापर्यंत आला तेव्हा मीही बघून घेतलं. तपकिरी, गोल, गुळगुळीत खडा. मी शेजारी बसलेल्या न्हाव्याला म्हटलं, “असले नदीकाठी पोत्यानं पडलेले असतात.”

“तुमचं पोट कधी दुखलं नाही ना,” न्हावी म्हणाला, “म्हणून सुचतं असलं.”

माझं पोट खरंच कधी दुखलेलं नाही.

भावजींचं दुखायचं. त्यांची लॉन्ड्री आहे. तरुणपणापासून रोज संध्याकाळी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं की शटरामागे बाटली उघडायची. कारण विचारलं तर म्हणायचे, “दिवसभर वाफेत उभा असतो रे, घसा सुकतो.” घसा पाण्यानंही ओला होतो, ही बातमी त्यांच्यापर्यंत कधी पोचली नसावी. पुढे पोटात वरच्या बाजूला कळा यायला लागल्या. कळ पोटातून निघायची ती थेट पाठीत जायची. मग हा धिप्पाड माणूस कपड्यांच्या गाठोड्यावर पुढे वाकून, उशी पोटाशी धरून बसायचा. खाल्लेलं अंगी लागेना. पँट्स कमरेत इतक्या सैल झाल्या की गिऱ्हाइकाची चुकून घातली की काय, असं वाटावं.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं ते असं. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. अन्न पचवायचा रस तिथे तयार होतो. दारूनं त्याला इतकं छळलं, की तो रस स्वतःच्याच घराला लागला. स्वादुपिंड सुजून सुजून सुकत चाललं, नळीत खडे झाले. गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते सांभाळायचं. दारू कायमची बंद, सिगारेटही बंद, प्रत्येक जेवणाबरोबर पचनाच्या कॅप्सूल आणि साखर वाढल्यामुळे इन्सुलिन.

भावजींनी हे सगळं पाळलं. आमच्या घराण्यात त्यांचा हा पराक्रम जमेच्या बाजूला ठळक मांडून ठेवावा असा आहे. पण दुखणं कमी झालं तरी अधूनमधून उठायचंच. “मी माझा शब्द पाळला,” ते कण्हत म्हणायचे, “पोटानं त्याचा पाळला नाही.”

अशा वेळी माणसाला जो कुणी भेटतो, तो देवासारखाच वाटतो. भावजींना खडेबाबा भेटले.

खडेबाबांचा हिशोब सोपा होता. तीन बैठका. दर बैठकीच्या आदल्या दिवशी अन्न बंद, फक्त पाणी आणि बाबांची पांढरी पूड. दर बैठकीला एक खडा बाहेर. डॉक्टरांची औषधं ‘श्रद्धेला गंज लावतात’ म्हणून बंद. आणि तिसऱ्या बैठकीनंतर, तिथेच, सगळ्यांच्या समोर, दारूचा एक भरलेला ग्लास प्यायचा. “शुद्ध झालेल्या पोटाला दोष नाही,” बाबा म्हणायचे. “सोन्याला कधी चिखल लागतो का?”

वर सांगितली ती दुसरी बैठक. तिथून घरी आल्यावर भावजी दोन जिने न थांबता चढले आणि कॅप्सूलची डबी खिडकीत ठेवून म्हणाले, “हिचं काम संपलं.”

“अहो, डॉक्टरांना एकदा विचारा तरी,” ताई म्हणाली.

“दुखत नाहीये, तर विचारायचं काय? ‘बाई, माझं दुखत नाही, काही औषध द्या’ असं?”

“आणि ग्लास?”

“तो पुरावा आहे. मी काय हौसेनं पिणार आहे?”

मी खाली बघून हसलो. भावजींनी ते टिपलं. “हसतोय बघ तुझा भाऊ. शंकासुर! याला सूर्य उगवला तरी पावती लागते.”

“सूर्य मला औषध बंद करायला सांगत नाही, भावजी.”

“ते इन्सुलिन आणा इकडे,” ताई मध्येच म्हणाली. “ते मी टोचते, तुमचे बाबा नाहीत. ते बंद होणार नाही.” भावजींनी निमूट इन्सुलिन आणून दिलं. ताईच्या हातात सुई असताना ते सहसा वाद घालत नाहीत.

पुढच्या भानगडीला कारण झाली भावजींची कृतज्ञता. बाबांच्या टॉवेलांची धुलाई यापुढे आपल्याकडे, अगदी सेवा म्हणून, असं ते चेल्याला सांगून आले. चेल्याला धुण्याचा कंटाळा. त्यानं गाठोडं आनंदानं आणून टाकलं आणि टाकताना ते नीट बघितलं नाही.

आता ताईच्या लॉन्ड्रीत एक शिस्त आहे. मशिनमध्ये टाकण्याआधी प्रत्येक कपड्याचा खिसा उलटायचा आणि प्रत्येक दुमड चिमटीतून फिरवायची. एकदा कुणाच्या तरी खिशातल्या पेनानं पांढऱ्या शर्टांचा अख्खा घाणा निळा केला होता, तेव्हापासूनची ही शिस्त. टॉवेलाला खिसा नसतो हे ताईला कळत नाही असं नाही, पण तिच्या बोटांना आता सवय झाली आहे.

संध्याकाळी तिनं मला बोलावून घेतलं. भावजी कपडे पोचवायला गेले होते.

“हे बघ.” तिनं टॉवेलाचा कोपरा माझ्यापुढे धरला. दुमडीच्या आत बोटाच्या पेराएवढा चोरखिसा शिवलेला होता. प्रत्येक टॉवेलाला एक. आणि एका टॉवेलाच्या चोरखिशात चेल्याच्या आळसानं राहून गेलेला तपकिरी, गोल, गुळगुळीत खडा.

“ताई! चल, आत्ताच्या आत्ता भावजींना दाखवू.”

“दाखव. म्हणजे ते म्हणतील, खडा तूच घातलास. तुझी ख्याती आहेच.” तिनं टॉवेल घडी घालून खाली ठेवला. “त्यांच्याच पोटातून काहीतरी निघायला हवं. आणि ग्लास हातात यायच्या आत.”

बाकीचे टॉवेल धुऊन, इस्त्री करून परत गेले. एक कमी होता. चेल्यानं कुरकुर केली नाही. लॉन्ड्रीत एक टॉवेल हरवला, याचं जगात कुणालाच नवल वाटत नाही.

तिसऱ्या बैठकीला पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलाच्या कडेला झाकणी घातलेला काठोकाठ भरलेला ग्लास. भावजींची नजर मंचाच्या पायऱ्या चढताना त्याच्यावर गेली, परत आली आणि पुन्हा गेली. बाबांचा एक आवडता प्रकार होता. ‘आमची लपवाछपवी नाही’ हे दाखवायला रोग्याच्या बायकोच्याच हाती टॉवेल द्यायचा. तिनं तो मागच्या गरम पाण्याच्या बादलीत बुडवायचा, पिळायचा आणि स्वतःच्या हातानं नवऱ्याच्या पोटावर पसरायचा. लोकांवर याची फार छाप पडायची. माझ्यावरही पडली, कारण चेल्यानं दिलेला टॉवेल घेऊन ताई बादलीवर वाकली आणि परत आली, यात मला काहीच वेगळं दिसलं नाही. ताईच्या पर्समधला हरवलेला टॉवेल बादलीत कधी गेला आणि तोच पिळून वर कधी आला, ते तिलाच ठाऊक.

बाबांनी डोळे मिटले. तोंड छताकडे गेलं. हात टॉवेलाखाली गेले.

“येतोय... मुळापासून सुटतोय... शेवटचा आहे, चिवट आहे...” बाबा जरा अडखळले. बोटांना काहीतरी वेगळं लागलं असावं. पण सभागृह श्वास रोखून बसलेलं. थांबायची सोय नव्हती.

‘टिक्.’

आवाजच वेगळा आला. चेल्यानं सवयीनं वाडगा उंच केला. “दारूचा ख...” आणि लांब मान वाडग्यात वाकली ती वर येईना.

“काय आहे हो?” न्हाव्यानं विचारलं.

शेवटी पुढच्या रांगेतल्या बाईंनीच वाडग्यात डोकावलं. “अगं बाई, बटण! कोटाचं. चार भोकांचं. दोराही आहे!”

“भावजी, कोट कधी गिळलात?” मी विचारलं आणि सभागृहात हशा पिकला.

बाबा सावरले. अशा लोकांना सावरण्याचा सराव असतो. “लीला आहे. दारूच्या विषानं पोटात काहीही आकार...”

“काजंही करतं का हो?” मागून कुणीतरी.

ताई बादलीपाशी गेली. चेल्यानं दिलेला मूळचा टॉवेल तिनं बाहेर काढला, कोपरा पिळला, आणि चोरखिशातला तपकिरी खडा टेबलावर ठेवला. “हा तुमचा. बटण माझं. दुकानात डबाभर आहेत, अजून कुणाच्या पोटातून काढायची असतील तर सांगा.”

मग जे झालं ते व्हायचंच होतं. लोक टॉवेलांवर तुटून पडले, जो तो दुमडी उलटून बघायला लागला. त्या गडबडीत चेला आधी सटकला आणि बाबा त्याच्या मागोमाग.

भावजी मात्र टेबलावरच बसून होते. ग्लास त्यांच्या हाताजवळ होता, आणि आता त्यांना अडवणारंही कुणी नव्हतं.

“म्हणजे माझे खडे आत आहेत,” ते म्हणाले.

“आहेत,” ताई म्हणाली.

“आणि पोट? ते दुखायचं का थांबलं होतं?”

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ते डॉक्टरीणबाईंना विचारू.

भावजी ग्लासाकडे बघत राहिले. मग हळू आवाजात, फक्त आम्हा दोघांना ऐकू जाईल असं म्हणाले, “शंकासुरा, खरं सांगू? खडा नदीतला आहे हे मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला ‘पी’ म्हणत होतं रे.”

ताईनं ग्लास उचलला नाही, लपवला नाही, सांडलाही नाही. फक्त त्यांचा शर्ट खाली ओढला आणि हात पुढे केला. भावजींनी तो हात धरला आणि टेबलावरून उतरले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी भावजींना पोटाच्या एक्स-रेची फिल्म दाखवली. खडे जागच्या जागी, पांढरे, एकही कमी नाही. “हे नळीच्या आत बसलेले असतात. कातडीतून चिमटीनं निघत नाहीत.” मग दुखणं का थांबलं? “या आजारात दुखणं चढतं आणि उतरतं. बाबांकडे माणूस जातो तो ते चढलेलं असताना. त्यानंतर ते उतरणारच होतं. वर अन्न बंद केलं, म्हणजे त्या बिचाऱ्या स्वादुपिंडाला सुट्टी मिळाली. पुडीत काय होतं ते तपासल्याशिवाय मी सांगणार नाही.” आणि चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या, “तो ग्लास घेतला असता तर या खुर्चीत नाही, वॉर्डात भेटला असतात.” पिण्याची ओढ लागते त्याची लाज वाटून घेऊ नका, त्याच्यासाठीही माणसं आहेत, असं सांगून त्यांनी समुपदेशकाचा पत्ता दिला.

वाचकहो, कपड्यातले चोरखिसे शोधायला फार अक्कल लागत नाही. दुमड उलटून बघायची तयारी लागते. अवघड असतात ते आपल्या मनातले. म्हणून कुणी चमत्कार दाखवला की त्याला आपला टॉवेल देऊन बघा. तो बंद करायला सांगतो ते औषध बंद करण्याआधी ज्यानं ते दिलं त्याला विचारा. आणि एखादा बाबा नेमकं तेच करायला सांगत असेल, जे करायची आपल्याला आतून फार इच्छा आहे, तर तिथून जरा लवकर उठा.

भावजींचं पोट अजून दुखतं. कधी कमी, कधी जास्त. परवा जेवताना त्यांनी पहिल्या घासाबरोबर कॅप्सूल घेतली, पाणी प्याले आणि म्हणाले, “हिच्यात एक वाईट आहे बघ. ही मला काहीच वचन देत नाही.”

“म्हणूनच घ्या,” ताई म्हणाली आणि तिनं त्यांच्या ताटात वाढलं.