तिच्या मापाची जागा

धंद्यातले लोक त्याला ‘आरसा’ म्हणायचे. लाकडाला पॉलिश करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. याने हात फिरवलेल्या टेबलात बघून भांग पाडता येतो, असं त्याचा जोडीदार सुतार गिऱ्हाइकांना सांगायचा. बायको मात्र त्याला नुसतं ‘अहो’ म्हणायची, आणि ते ‘अहो’ गेले अकरा महिने घरात ऐकू आलं नव्हतं.

लेकीच्या बाळंतपणासाठी ती गेली, ती चार महिन्यांच्या बोलीवर. मग नातीला कावीळ झाली. ती बरी होते न होते तोच लेकीची रजा संपली, मग जावयाची बदली होणार, नाही होणार, असं चाललं. रोज दुपारी त्याचा डबा खाऊन झाला की तिचा फोन यायचा. जेवलात का, गोळी घेतली का, नातीला दात येतोय. तो हो म्हणायचा, बरं म्हणायचा. दोन मिनिटांत सगळं उरकायचं आणि तो पुन्हा पॉलिश पेपर हातात घ्यायचा.

अशातच वकीलबाईंच्या घरचं काम आलं. त्यांच्या लायब्ररीत खिडकीतून ऊन येऊन लाकडाचं तेज गेलं होतं. एकेक कपाट रिकामं करायचं, घासायचं, लाखेच्या पॉलिशचे हात द्यायचे आणि वाळलं की पुस्तकं होती तशी परत लावायची, असं तीन आठवड्यांचं काम होतं.

त्याने चाळीस वर्षांत पुस्तकांची कपाटं पुष्कळ चमकवली होती. पण ती काचेच्या दारांची, कुलूप घातलेली आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच ठाऊक नसलेली. ही खोली निराळीच निघाली. तीन भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत फळ्या होत्या. दाराच्या चौकटीवरूनही फळी फिरवून नेलेली, त्यामुळे आत जाताना पुस्तकांच्या खालून जावं लागे. भिंती दुधी, पण फळ्यांच्या मागची पाठ गडद हिरवी, म्हणून पुस्तकांचे रंग उठून दिसत. छताला दिवाच नव्हता. फळ्यांच्या खालच्या कडेला दिव्यांच्या पट्ट्या लपवल्या होत्या आणि त्यांचा मऊ पिवळा उजेड पुस्तकांवर उतरायचा. खच्चून काही भरलेलं नव्हतं. आणि खिडकीशी, दोन कपाटांच्या मधे, एक बैठक केली होती. तिच्यावर गादी, पाठीला उशी, बाजूला चष्मा आणि कप ठेवण्यापुरती फळी.

पहिले दोन दिवस तो त्या बैठकीकडे पाठ करून काम करत राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी, घरात कुणी नाही असं बघून, त्याने गादीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि तो बसला. मग उठून खिशातून टेप काढली. लांबी झाली, रुंदी झाली, उंची घेताना मागून पावलं वाजली. वकीलबाई कोर्टातून लवकर आल्या होत्या.

तो खाडकन उभा राहिला. कसलं माप घेताय, असं त्यांनी विचारलं. काहीतरी थाप मारावी असं त्याच्या मनात आलं, पण वकिलापुढे ती टिकेल असं वाटेना.

“घरी अशी जागा करायचीय,” तो म्हणाला.

“वाचता तुम्ही?”

“मी डब्यावरची लेबलं वाचतो. बायको वाचते.”

मग त्याने थोडंबहुत सांगितलं. बायकोला वाचनाचा भारी नाद. रद्दीच्या दुकानातून ती पुस्तकं आणायची आणि ठेवायला जागा नाही म्हणून पत्र्याच्या पेट्यांत घालून पलंगाखाली सरकवायची. एखादं पुस्तक हवं झालं की आधी पलंग ओढायचा, मग पेटी, मग जमिनीवर बसून उपसाउपशी. आमच्याकडे विद्येवर झोपतात, असा विनोद तो पाहुण्यांसमोर करायचा आणि पाहुणे हसायचे. लोकांची कपाटं करता, मला एक फळी करून द्या, असं ती लग्नानंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी म्हणाली होती. करू की, असं तो म्हणाला होता. ती पुन्हा म्हणाली नाही. हे शेवटचं त्याने वकीलबाईंना सांगितलं नाही.

बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग हे माप नेऊ नका. मी ही अशी उंच, बैठक माझ्या पायांच्या हिशेबाने केलेली आहे. पाय लोंबकळले की दहा पानांत माणूस उठतो. तुमच्या मिसेसच्या गुडघ्यापर्यंतची उंची किती?”

 त्याने हात पुढे करून अंदाजाने दाखवला, मग थोडा खाली घेतला, मग पुन्हा वर. सागाच्या फळीची जाडी तो नुसतं बोट फिरवून सांगायचा. चौतीस वर्षं संसार केलेल्या बाईचा गुडघा जमिनीपासून किती इंचांवर येतो ते त्याला माहीत नव्हतं.

बाईंनी तो विषय वाढवला नाही. दिवा डाव्या खांद्यामागून यावा, सावली पानावर पडत नाही, असं त्यांनी समजावलं. डोक्यावरच्या फळीकडे बोट दाखवून, ती मी फार खाली घेतली, उठताना रोज डोकं आपटतं, तेवढी चूक उचलू नका, असंही बजावलं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर तो टेप घेऊन घरभर फिरला. तिच्या चपला मोजून काही कळण्यासारखं नव्हतं. स्वयंपाकघरात तिचं स्टूल होतं. फार वर्षांपूर्वी, हे मला उंच पडतं, असं म्हणून तिने त्याच्याकडूनच त्याचे पाय कापून घेतले होते आणि चांगल्या स्टुलाचा सत्यानाश झाला म्हणून तो दोन दिवस कुरकुरला होता. त्याने टेप लावली. सोळा इंचांना पाव इंच कमी. पुढच्या खोलीत खिडकीखाली ती जमिनीवर, भिंतीला टेकून वाचत बसायची, तिथे डोक्याच्या तेलाचा गोल डाग पडला होता. त्या डागावरून तो किती वेळा बोलला असेल. दोनदा त्याने त्यावर रंगही मारला होता. डाग परत आला होता. आज त्याने जमिनीपासून डागापर्यंत माप घेतलं, कागदावर लिहिलं आणि तिथेच, भिंतीला डोकं टेकून, बराच वेळ बसून राहिला.

मागच्या खोलीत त्याचे पॉलिशचे डबे, स्पिरिटचे कॅन, जुने ब्रश असा वीस वर्षांचा पसारा होता. तो सगळा त्याने दोन दिवसांत जिन्याखाली हलवला. बायकोने फळी मागितली तेव्हा घरात जागा नव्हती, आता निघाली. सुतार आला, खोली बघून हसला आणि या वयात प्रेमात पडलास की काय, म्हणाला. बैठकीची उंची ऐकल्यावर मात्र तो चिडला. सगळीकडे अठरा इंच करतात, सोळाला पाव कमी हे कुठलं माप, त्यावर बसून तुझे गुडघे छातीला लागतील.

“मला कुठे बसायचंय,” तो म्हणाला.

कामावरून आल्यावर आणि सुटीच्या दिवशी दोघं खपत होते. वकीलबाईंकडे पाहिलेलं सगळंच इथे लागू पडेना. उत्साहाच्या भरात त्याने एक अख्खी भिंत हिरवी रंगवली, तर त्या इवल्याशा खोलीत विहिरीत उतरल्यासारखं वाटायला लागलं. ती पुन्हा दुधी केली आणि हिरवा फक्त फळ्यांच्या पाठीला ठेवला. दारावरची फळी मात्र जशीच्या तशी जमली. डोक्यावरची फळी त्याने बैठकीपासून डागाच्या मापावर आणखी बारा इंच सोडून घेतली. पॉलिश करताना त्याने जे काही केलं ते गिऱ्हाइकासाठी कधी केलं नव्हतं. अकरा हात दिले, आणि बैठकीच्या कडेला, जिथे मांडीची मागची बाजू टेकते, तिथे कोपरा गाल फिरवून बघावा इतका गुळगुळीत केला.

मग पेट्या उघडल्या. इतक्या वर्षांत त्या त्याने ओढल्या होत्या, ढकलल्या होत्या, पण उघडून पाहिल्या नव्हत्या. जवळजवळ प्रत्येक पुस्तकात खूण म्हणून त्याच्या झिजलेल्या पॉलिश पेपरची पट्टी होती. तो कामावरून आला की खिशातून हे तुकडे निघायचे आणि ती कपडे धुताना ते काढून ठेवायची, एवढं त्याला माहीत होतं. त्यांचं पुढे काय होतं ते कळलं नव्हतं. काही पट्ट्या पुस्तकाच्या शेवटाजवळ होत्या, काही मधेच थांबल्या होत्या. त्या जिथल्या तिथे ठेवून त्याने पुस्तकं फळ्यांवर लावली. वकीलबाईंसारखी मधे मधे मोकळी जागा ठेवली, रंगांची मांडामांड केली. दोन दिवे लावून दारात उभा राहिला. खोली झाली होती. तिच्यात कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या फोनवर बायको जरा अडखळत बोलली. पोर बालवाडीत जाईपर्यंत थांबशील का, असं लेक विचारत होती. म्हणजे अजून दीड वर्ष तरी. ती म्हणाली, “तुम्ही म्हणाल तसं करते.”

त्याच्या तोंडातून नेहमीचंच निघालं. “राहा की. माझं काय, मी मजेत आहे.”

“बरं,” ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

तो घरी आला आणि त्या बैठकीवर जाऊन बसला. सुताराने सांगितल्याप्रमाणे गुडघे वर आले. पुढचे काही दिवस त्याने त्या खोलीचं दार लावूनच ठेवलं.

वकीलबाईंकडे शेवटचा हात द्यायचा राहिला होता. तो देताना बाईंनी सहज विचारलं, मिसेसना आवडली का जागा. तिने अजून पाहिली नाही, असं तो म्हणाला. लेकीकडे आहे, अजून दीड वर्ष राहणार आहे. खोली केल्याचं तिला सांगितलं का, असं बाईंनी विचारलं. नाही, आल्यावर बघेल.

“पण तुम्ही बोलावलंत का त्यांना?”

“बोलवायचं कशाला? घर तिचंच आहे.”

बाई कपाटात पुस्तकं लावत होत्या. त्या वळल्यासुद्धा नाहीत. “माझं सगळं आयुष्य कोर्टात गेलं. न मागितलेलं तिथेही मिळत नाही हो.”

त्याने हातातला पॉलिशचा बोळा डब्यावर ठेवला. हात पुसत तो बाहेर गेला आणि जिन्यात उभं राहून त्याने फोन लावला. सकाळचे साडेदहा झाले होते. या वेळेला त्याने कधी फोन केला नव्हता, म्हणून लेकीने घाबरूनच उचलला. आईला दे, असं तो म्हणाला.

“काय झालं? बरं नाही का?” बायकोने विचारलं.

“बरं आहे. तू ये.”

पलीकडे नात काहीतरी आपटत होती. तो आवाज लांब गेला. बायको दुसऱ्या खोलीत गेली असावी.

“अहो, पण तुम्हीच परवा म्हणालात...”

“म्हणालो. मला करमत नाही. अकरा महिने करमत नाही.”

 ती म्हणाली, “प्रत्येक वेळी राहा म्हणता. मला वाटलं, एकटं राहून तुम्हाला निवांत वाटायला लागलंय. इथे रोज दुपारी मी फोन घेऊन बसते, आज तरी म्हणाल म्हणून.” तू ये, असं तो पुन्हा म्हणाला. खोलीचं तो काहीच बोलला नाही. ते त्या क्षणी त्याच्या डोक्यातही आलं नाही.

लगेच येणं काही जमण्यासारखं नव्हतं. लेकीने पाळणाघर शोधलं, पोर रुळायला वेळ लागला. सात आठवड्यांनी ती आली, तीही तीन महिन्यांच्या बोलीवर. पिशव्या पुढच्या खोलीत टाकल्या, पाणी प्यायली आणि मागच्या खोलीचं दार उघडं पाहून तिकडे गेली. तो मागे उभा राहिला.

 ती एका फळीवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेली, मग दुसऱ्या फळीवरून. मग म्हणाली, “ही कसली लावालाव? पहिला भाग वर आणि दुसरा भाग खाली?”

“रंगाने लावलीत. तशी छान दिसतात.”

“मला सापडायची कशी?” असं म्हणत तिने अख्खी फळी खाली उतरवली. तासाभरात जमिनीवर पाय ठेवायला जागा राहिली नाही. ती सांगेल तसं तो पुस्तकं उचलून देत होता, आणि गेल्या वर्षभरात त्याला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. दमल्यावर ती बैठकीवर टेकली. पाय सरळ जमिनीला लागले. तिने एकदा पायांकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

“माप कुठून घेतलंत?”

“तुझ्या स्टुलावरून,” तो म्हणाला. तिला हसू आलं, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

पण चार-पाच दिवसांत त्याच्या लक्षात यायला लागलं. दुपारी ती पुस्तक घेऊन बसायची, आणि थोड्या वेळाने पुस्तक मांडीवर पालथं असायचं, हातात फोन. त्यात नात धरून धरून उभी राहत होती, धपकन बसत होती. ती तेच पुन्हा पुन्हा बघायची. त्या खोलीचं दार लावून आपण बाहेर बसायचो तेव्हा आपला चेहरा असाच होत असणार, असं त्याला वाटलं.

त्या दिवशी तो दुपारीच घरी आला होता. खालची पुस्तकं सरकवून तो तिच्या पायाशी जमिनीवर बसला.

“तीन महिन्यांनी परत जायचंय ना तुला?”

“जावं लागेल. लेकीची ओढाताण होते.” ती अपराध्यासारखी बोलली.

“मीपण येईन.”

“आणि कामं?”

“सुतार सांभाळेल. नाहीतर थांबतील. पोरगी मला ओळखतही नाही.”

तिने फोन बाजूच्या फळीवर ठेवला. खरंच याल का, असं तिने विचारलं नाही; तो बोलला की करतो हे तिला नव्यानेच कळलं होतं. तिने चष्मा नीट केला आणि पुस्तक उचललं.

“मोठ्याने वाच,” तो म्हणाला.

“तुम्हाला? पहिल्यापासून वाचू?”

“नको. तू आहेस तिथून.”

तिने पान शोधलं आणि वाचायला सुरुवात केली. गोष्टीतली माणसं कोण, कुणाची कोण, त्याला काही कळत नव्हतं. तो ऐकत राहिला.