भुंग्याची धार

पाथरी रस्त्यावर जीपने उडवल्यापासून आमच्या कुत्र्याची, भुंग्याची, लघवी तुंबली होती. मागचे पाय लटपटत का होईना चालू लागले, पण मूत्राशयाला काही जाग येईना. सकाळ-संध्याकाळ मी त्याचं पोट दाबून लघवी काढायचे. आता तशीही निघेना.

"असंच चाललं तर किडन्या जातील, बाई," डॉक्टर मनिषा म्हणाली. ही माझी जुनी विद्यार्थिनी. परभणीत जनावरांचा दवाखाना चालवते. "आता मज्जातंतूला करंट देऊन बघू."

करंट! मी तिला फाडफाड बोलले. मुक्या जिवाला शॉक देऊन मारायचंय का? तिने हसत तो करंट आधी माझ्याच तळहाताला लावला. नुसत्या मुंग्या आल्या. मग मीच भुंग्याला उचलून टेबलावर ठेवलं, पुटपुटत का होईना.

भुंग्याला कुशीवर निजवून तिने शेपटीच्या मुळाशी बारीक सुया टोचल्या. सुयांना जोडलेलं करंटचं यंत्र गुणगुणू लागलं. शेपटी थरथरली, पोट ताठलं, पण थेंब काही पडेना. तेवढ्यात गुणगुण थांबली.

"गेली लाईट!" मी ओरडले. "मेलीला आत्ताच जायचं होतं!"

"बाई, खाली बघा."

टेबलावरून धार वाहत होती.

"लाईट गेली न्हाई, मीच थांबवलंय," मनिषा हळूच म्हणाली. "करंट चालू असला की पिशवी आवळती, पण तिचं तोंड बी आवळतं. बंद केला की तोंड लगेच सैल पडतं, पिशवी मात्र जरा उशिरा. तेवढ्यात लघवी निघती."

इतकी वर्षं मी फळ्यावर मूत्राशय काढलं: एक पिशवी, एक नळी, झालं. एवढ्याशा कुत्र्याच्या पोटात हे असलं काही चाललेलं असतं, याचा मला पत्ताच नव्हता! यंत्र पुन्हा गुणगुणलं, थांबलं, आणि पुन्हा धार आली. भुंगा मान वळवून स्वतःच्याच मागे बघत राहिला.

मग रोज दवाखाना सुरू झाला. हळूहळू करंट कमी होत गेला आणि शेवटी मनिषाने सुया लावणंच बंद केलं.

परवा सकाळी अंगणात भुंग्याने लटपटता पाय उचलला आणि थेट माझ्या तुळशीवृंदावनावर धार सोडली. त्याची त्याने, आपणहून. एरवी मी चप्पल घेऊन धावले असते. पण माझे हात जोडलेले होते, आणि ते तुळशीला नव्हते.