शिवणाची मूठ

"रश्मी, हात निघून नाई राह्यला."

आमच्या ह्यांना कोड्यात बोलायची सवय आहे, म्हणून मी आधी लक्षच दिलं नाही. दुसऱ्यांदा हाक आली तेव्हा आवाज वेगळा वाटला. पोळपाट बाजूला सारून मी आतल्या खोलीत गेले. राजदीप पलंगाच्या कडेला बसले होते. उजव्या हातात पिस्तूल होतं, आणि डाव्या हाताने ते ओढून काढायची खटपट चालली होती.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. हवेवर चालणारं स्पर्धेचं पिस्तूल ते, आणि हवेची टाकी काढून कपाटात ठेवलेली. दहा मीटरवरच्या कागदावर शिशाची बारीक गोळी मारायची, एवढाच त्याचा उद्योग. एसटीतल्या कंडक्टरला हा नाद लागला कसा, असं लोक मला विचारतात. ब्रह्मपुरीतल्या एका बंद राइस मिलच्या गोदामात निवृत्त सुभेदारसाहेबांनी नेमबाजी सुरू केली. हे एकदा नुसतं बघायला गेले आणि तिथलेच झाले. पुढे राज्याच्या स्पर्धेत पदक मिळालं, डेपोच्या फलकावर फोटो लागला, आणि वीस वर्षं शाळेत शिकवूनही मी गावात पिस्तूलवाल्याची बायको म्हणून ओळखली जाऊ लागले.

उद्या नागपूरला पुन्हा तीच स्पर्धा होती. मे महिन्याचे दिवस, त्यात लाइन गेलेली, कूलर बंद. त्या भट्टीत हे सकाळपासून भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर नेम धरून बसले होते. उकाड्याने हात सुजला आणि मुठीत रुतून बसला.

पिस्तुलाची ही लाकडी मूठ मुखरूभाऊंनी केलेली. मुखरूभाऊ आमच्या गल्लीतले म्हातारे सुतार. राजदीपचा हात ओल्या मातीत दाबून घेतला आणि त्या ठशावरून शिवणाच्या लाकडात मूठ कोरली. हात ठेवला की आपोआप जागेवर जायचा. गेल्या वर्षापासून मात्र ह्यांची तक्रार सुरू झाली, मूठ ढिली वाटते. मग मुखरूभाऊंकडून पुट्टीचा एक थर. पुन्हा ढिली, पुन्हा थर. अंगठ्यावरून, हाताच्या पाठीवरून, थेट मनगटापर्यंत. मुठीचा पिंजरा होऊन बसला होता.

मूठ ढिली नव्हतीच. हात थरथरत होता. हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांना कळू नये म्हणून मी स्वतःच्या घरात आंधळ्यासारखी वावरत होते. चहा डाव्या हाताने प्यायचा, का तर 'नेमाचा हात थकवाचा नाई'. जेवायचं माझ्यानंतर, एकट्याने. बाकी वेळ हात खिशात. मला कीव यायची आणि रागही यायचा. इतक्या वर्षांच्या बायकोला सांगायला काय झालं होतं? पण विचारायची हिंमत मलाही होत नव्हती.

मी खोबरेल तेलाची वाटी आणली, मुठीच्या फटीफटीतून तेल सोडलं आणि ओढलं. ते कळवळले.

"मुखरूभाऊले बलावते मी," मी म्हटलं.

"नोको. त्याले कायले?"

"मंग उद्या नागपूरले असेच जाता का? अन् परवा ड्यूटीवर? पिस्तूल दाखवून तिकिटा देसान काय लोकायले?"

ते हसले नाहीत. मी गेले आणि मुखरूभाऊंना घेऊन आले.

मुखरूभाऊंनी हात उलटासुलटा करून पाहिला. मूठ पिस्तुलाला धरणारा स्क्रू खालच्या बाजूने होता, पण तोही पुट्टीत बुडालेला. "तूच म्हनला होता, हालली नाई पायजे म्हून," ते पुटपुटले आणि पिशवीत हत्यारं शोधू लागले.

एवढ्यात दारातून आवाज आला, "जयभीम वहिनी! कुठी हाय आमचा नेमबाज?"

लटारूभाऊ. ह्यांच्या गाडीचे ड्रायव्हर. ब्रह्मपुरी-गडचिरोली रस्त्यावर दोघांचं अर्धं आयुष्य गेलेलं. हातात झेंडूचा हार होता. उद्या त्यांची ड्यूटी असल्यामुळे सत्कार आजच, जिंकण्याआधीच उरकायला आले होते. मला त्यांना दारात थोपवायचं होतं, पण ते बोलता बोलता आत आलेसुद्धा. "डेपोवाले म्हनून राह्यले, अवंदा सोनंच पायजे…"

ते थांबले. राजदीपने वजनाने अवघडलेला हात स्टुलावर टेकवला होता, आणि पिस्तुलाच्या नळीचं टोक तेलाच्या स्टीलच्या वाटीला लागलं होतं. टकटकटकटक. बारीक आवाज, थांबायचं नाव घेईना.

ह्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला. पिस्तूल खिशात कसं जाणार? मांडीवर आपटलं, आणि मांडीवरही नळी हलतच राहिली. वर्षभर लपवलेला हात आता लपवायला जागाच नव्हती.

"उकाड्यानं होते असं," राजदीप म्हणाले.

लटारूभाऊंनी हार खुर्चीवर ठेवला. "राजदीप, चालत्या गाडीत सारंच हालते, ते मानलं. पन गाडी स्टँडवर उभी रायते, इंजन बंद रायते, तवाबी तुहा हात हालते. मले का दिसत नाई?"

"तुले कवापासून मालूम?"

"माह्या पोरीच्या लग्नाच्या पह्यलेपासून."

"मंग बोलला काऊन नाई?"

"तू बोलला काय?"

मुखरूभाऊंनी पिशवीतून डोकं वर केलं. "अन् पुट्टी कोन भरे? मले समजत नोतं का?"

राजदीपने माझ्याकडे पाहिलं. माझी नजर तेलाच्या वाटीवर गेली, आणि त्यातच त्यांना कळलं. मग त्यांनी मानच खाली घातली. आम्ही तिघंही त्या खोलीत असे उभे होतो, जसं काही चोरी आमची पकडली गेली होती.

"कापाच लागते," शेवटी मुखरूभाऊ म्हणाले. "पन कापली का मूठ गेली, राजदीप. उद्यापावतर दुसरी नाई होत."

"अन् स्पर्धा?" मी विचारलं.

"हे मूठ घेऊन तसंबी कोनी उभं राहू नाई देत," राजदीप म्हणाले. "खेळाच्या आधी तपासनी रायते. हाताले वेढून असली मूठ का बाद."

मला कळेना. "तुमाले हे पह्यलेपासून मालूम होतं? मंग थरावर थर कायले भरून घेत होते?"

त्यांनी डाव्या हाताने पुट्टीची कड चाचपली.

"घरी तरी नेम लागे," ते म्हणाले.

मग त्यांनी हात पुढे केला. "कापा, मुखरूभाऊ."

लटारूभाऊंनी कोपर घट्ट धरलं. मुखरूभाऊंनी हात आणि मूठ यांच्यामध्ये पत्र्याची पट्टी सरकवली आणि बारीक पात्याची करवत चालवायला घेतली. आधी पुट्टीचा करडा भुगा पडला, मग शिवणाचा पिवळट. स्वतःच कोरलेलं लाकूड कापताना म्हाताऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. मूठ दुभंगली. हात बाहेर आला तेल माखलेला, सुरकुतलेला, कडांचे वळ उठलेला. तो उघड्यावर थरथरत राहिला. या वेळी त्यांनी तो खिशाकडे नेला नाही.

"सुभेदारसाहेबाले फोन लाव," ते मला म्हणाले. "सांग, मी नाई येत."

"ताप आला म्हनून सांगू?"

"हात हालते म्हनून सांग."

मी तसंच सांगितलं. पलीकडून साहेब "बरं" म्हणाले.

मग मी चहा ठेवला. दुसरं काय करणार होते? कपबश्या मांडल्या आणि सवयीने ह्यांचा कप डाव्या बाजूला ठेवला. राजदीपने तो सरकवून उजवीकडे घेतला आणि उजव्या हाताने उचलला. कप बशीवर वाजला. अर्धा चहा बशीत सांडला, थोडा पँटवर. लटारूभाऊ बघत होते, मुखरूभाऊ बघत होते. कोणी मान वळवली नाही. ह्यांनी कपातला चहा संपवला आणि मग त्याच हाताने बशी तोंडाला लावली.

पुसायला मी फडकं उचललं होतं. ते खाली ठेवलं आणि माझा कप घेऊन त्यांच्या शेजारी बसले.