वाढत्या अंगाचा बुरखा

शिवणवालीनं काळा बुरखा उलटा केला. खालची दुमड पुन्हा दोन बोटं उसवलेली. तिनं बुरख्याचा खिसा चाचपला. उसवलेला दोरा नेहमीसारखा एका जुन्या बटणावर नीट गुंडाळून ठेवलेला होता.

"उंदीर असतील," इस्त्री फिरवत तिची जाऊ म्हणाली.

"उंदीर दोरा बटणावर गुंडाळून खिशात ठेवतात होय गं?"

जावेनं पुढचा हिजाब इस्त्रीला घेतला.

दोघी जावा वापरलेले बुरखे, हिजाब आणून, धुऊन, दुरुस्त करून स्वस्तात विकत. कुठं रफू आहे, कुठं ठिगळ, ते गिऱ्हाइकाला आधी सांगायचं, हा शिवणवालीचा नियम. हा एक बुरखा तेवढा विकायचा नव्हता. तो तिनं लेकीसाठी शिवला होता, वाढत्या अंगाचा. घेर ऐसपैस, आणि खाली नि बाह्यांना भरपूर कापड आत दुमडलेलं. लेक बाराव्या वर्षी तापानं गेली. दोरा वाया जाऊ नये म्हणून बटणावर गुंडाळायची खोड तिचीच. नऊ वर्षं झाली. दर वर्षी दुमड दोन बोटं उसवायची, आणि दर वर्षी आई ती पुन्हा बाराव्या वर्षाच्या मापावर शिवून टाकायची.

दुपारी एक उंच मुलगी आली. सोमवारपासून तिची पहिली नोकरी होती आणि नवा बुरखा परवडत नव्हता. सगळे घालून झाले, सगळे तोकडे पडले.

"खाला, तो खुंटीवरचा?"

"तो विकायचा नाही."

"बरं," मुलगी म्हणाली आणि चप्पल पायात सरकवू लागली.

जावेला राहवलं नाही. "दुसऱ्यांच्या लेकींचे कपडे आपण खुशाल विकतो. आपल्या लेकीचा तेवढा खुंटीवर!"

शिवणवालीनं खुंटीवरचा बुरखा काढून मांडीवर घेतला. "उद्या ये, बघते काहीतरी," ती मुलीला कसंबसं म्हणाली. मग तिनं दुमड दुहेरी दोऱ्यानं पक्की शिवली, बुरखा कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. आतला बुरखा मात्र उसवलेला होता. या खेपेला दोन बोटं नाही, सगळाच, बाह्यासुद्धा. आत दुमडलेलं कापड उरलंच नव्हतं. खिशात बटण होतं, त्यावर दुहेरी दोरा. शिवणवालीला रडू फुटलं, आणि जाऊ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मुलगी आली, तेव्हा काठाची नवी तुरपाई झाली होती. बुरखा तिला घोट्यापर्यंत बरोबर बसला. शिवणवाली आरशाकडे बघतच राहिली. एवढी उंच!

"यात रफू नाही, ठिगळ नाही," ती नियमाप्रमाणं म्हणाली. "नुसती दुमड उसवलेली आहे."

"कुणाचा होता, खाला?"

"माझ्या लेकीचा."

"मग तिला नको?"

शिवणवालीनं वाकून काठ सारखा केला.

"नको," ती म्हणाली. "तिला लहान झाला आता."